मापकांची साक्ष आणि माणसांची जबाबदारी

कारखान्याच्या दारात उभा राहणारा सरकारी निरीक्षक आपल्याकडे कधीच लोकप्रिय नव्हता. कारखानदाराला तो जाच वाटे, कामगाराला तो मालकाच्या चहापाण्यात गुंतलेला वाटे आणि अर्थशास्त्र्यांना तो उद्योगवाढीच्या मार्गातील धोंडा वाटे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता अमलात आल्या, १९४८ चा कारखाने अधिनियम मागे पडला आणि या निरीक्षकाचे पदनामही बदलले. निरीक्षणाबरोबरच सल्ला देण्याचे व सोय करून देण्याचे काम आता त्याच्या नावातच गोवले गेले आहे. कारखान्याच्या दारातील त्याचा पहारा असा सौम्य होत असताना त्याची जागा एक नवा, नि:शब्द पहारेकरी घेऊ लागला आहे. हा पहारेकरी नळांच्या सांध्यांवर, टाक्यांच्या पोटात आणि सांडपाण्याच्या मोरीवर बसलेला असतो. तो पगार मागत नाही, रजा घेत नाही आणि लाचही मागत नाही. द्रव आणि वायू यांचा दाब, तापमान, पातळी, प्रवाह व आम्लता अखंड मोजणारे हे संवेदक, म्हणजे बोलीभाषेतील सेन्सर, होत.

फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी अशा १७ वर्गांतील उद्योगांना सांडपाण्यावर व धुरांड्यांवर अखंड मापन करणारी यंत्रे बसविण्यास राज्य मंडळांमार्फत फर्माविले. तेव्हापासून 'माणसाऐवजी यंत्र पाहील' हा विचार शासनव्यवहारात चांगलाच रुजला आहे. त्यात गैर काहीच नाही. माणसाचा डोळा चुकतो, पेंगतो आणि कधी मिटूनही घेतला जातो. प्रश्न निराळाच आहे. मापक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराची उलटतपासणी कोण करणार आणि त्याची साक्ष खरी ठरली तर कृती करण्यास कोण बांधलेला असणार, हे ठरविल्यावाचून नुसते मापक बसविणे म्हणजे रखवालदार नेमून त्याची हाक ऐकायला घरात कोणीच न ठेवण्यासारखे आहे.

मापक मोजतो काय?

प्रथम या यंत्रांची जात ओळखून घेतली पाहिजे. सर्वसाधारण समजूत अशी की, पातळीमापक पातळी मोजतो आणि प्रवाहमापक प्रवाह मोजतो. वस्तुत: बहुतेक मापक मोजतात एक आणि त्यावरून सांगतात दुसरेच. टाकीच्या तळाशी बसविलेला मापक तेथील दाब मोजतो. द्रवाची घनता अमुक आहे असे गृहीत धरून त्या दाबावरून द्रवाच्या स्तंभाची उंची काढली जाते. नळात भोकाची चकती बसवून तिच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक मोजला जातो आणि त्यावरून प्रवाह किती याचे गणित मांडले जाते. चुंबकीय प्रवाहमापक तर एक क्षीण विद्युत्दाब मोजतो आणि त्यावरून पाण्याचा वेग सांगतो. सारांश, पडद्यावरचा आकडा म्हणजे मोजलेली वस्तुस्थिती नसून मोजलेल्या वस्तुस्थितीवरून काढलेले अनुमान असते. अनुमानामागील गृहीत बरोबर असेल तोवर आकडा बरोबर. गृहीत बिघडले की यंत्र शाबूत असूनही आकडा खोटा ठरतो. या खोटेपणात यंत्राचा काहीच दोष नसतो.

हे लक्षात घेऊन ज्यांनी व्यवस्था उभी केली, त्यांच्या हाती या यंत्रांनी मोठे वरदान दिले आहे. रोज पहाटे दारात पडणाऱ्या दुधाच्या पिशवीचेच उदाहरण घ्यावे. दुग्धालयात दूध निदान १५ सेकंद ७२ अंश सेल्सियस तापमानाला राहिले पाहिजे असा दंडक असतो. ज्या नळीत ते तेवढा वेळ राहते तिच्या टोकाशी तापमापक असतो आणि त्याला जोडलेली एक झडप असते. तापमान ठरलेल्या अंकाखाली उतरले की ती झडप आपोआप फिरते आणि कच्चे राहिलेले दूध पुढे न जाता मागे परतते. वीज गेली किंवा हवेचा दाब पडला तरी झडप परतीच्या बाजूसच वळते. येथे मापकाची साक्ष आणि त्यावरील कृती यांच्यामध्ये कोणाच्या सोयीला, घाईला वा भिडेला जागाच ठेवलेली नाही. कोट्यवधी घरांतील मुले ते दूध निर्धास्तपणे पितात, ती या जोडणीच्या बळावर.

वाफेच्या बॉयलरचीही कथा अशीच आहे. बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखविणारी काचेची नळी हा द्रवमापकांचा जणू मूळपुरुषच होय. ही नळी एक असून चालत नाही, दोन लागतात, कारण एकीची साक्ष दुसरीने तपासायची असते. जाणता बॉयलरचालक पाळीवर आला की तोटी उघडून नळीतील पाणी वाहू देतो आणि ते पुन्हा पूर्ववत चढते की नाही हे पाहतो. नळीत पाणी दिसते एवढ्यावर तो विसंबत नाही. ते पाणी बॉयलरमधीलच आहे, तुंबलेल्या नळीत अडकून पडलेले नाही, याची तो खात्री करून घेतो. १९२३ च्या बॉयलर अधिनियमाची जागा २०२५ च्या नव्या अधिनियमाने घेतली असली, तरी तपासणीच्या प्रमाणपत्रावाचून बॉयलर चालवू नये हे तत्त्व टिकून आहे. फुटलेल्या बॉयलरांनी शिकविलेला तो धडा आहे. रासायनिक कारखान्यांच्या बाबतीत मात्र इतके बळी जाऊनही तो धडा आपण पुरता गिरविलेला नाही.

खोटी साक्ष

जगातील काही मोठ्या औद्योगिक दुर्घटनांच्या चौकश्यांचे निष्कर्ष एकापुढे एक ठेवले, तर मापकाची साक्ष किती प्रकारे वाया जाते हे ध्यानात येते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुविद्युत्केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी दाब सोडणारी एक झडप उघडी अडकून राहिली. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप मिटल्याचे सुचवीत होता. कारण तो दिवा झडपेची स्थिती दाखवीतच नव्हता. झडपेला मिटण्याचा आदेश गेला आहे, एवढेच तो सांगत होता. अणुभट्टीतील पाण्याची पातळी थेट दाखविणारा मापकही तेथे नव्हता. दुसऱ्याच पात्रातील पातळी चढलेली पाहून चालकांनी पाणी पुरेसे आहे असे मानले, येणारे पाणी कमी केले आणि भट्टीच्या गाभ्याचा सुमारे अर्धा भाग वितळला. आदेश निघाला म्हणजे अंमलबजावणी झाली, हा भ्रम सरकारी कचेरीत वावरणाऱ्या माणसाला काही नवा नाही. फायलीवर सही झाली म्हणून रस्ता होत नाही, हे तो अनुभवाने जाणतो. त्याच भ्रमाचा एक छोटा दिवा अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षात लावला गेला होता.

दुसरे उदाहरण टेक्सास राज्यातील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्याचे. २३ मार्च २००५ रोजी तेथे १७० फूट उंचीचा एक मनोरा सुरू करण्यात येत होता. त्यातील द्रवाची पातळी मोजणाऱ्या यंत्राची मजल तळाकडील नऊ-दहा फुटांपलीकडे जात नव्हती. शिवाय ते द्रवाच्या उत्प्लावक बलावर चालणारे होते आणि त्याचे अंशन कालबाह्य माहितीच्या आधारे झालेले होते. द्रव तापत गेला, त्याची घनता घटत गेली आणि पातळी प्रत्यक्षात दीडशे फुटांपलीकडे चढलेली असताना पडद्यावर ती आठ फुटांच्या आसपास, तीही हळूहळू उतरत असलेली, दिसत राहिली. धोक्याची एक घंटा रात्रीच वाजून गेली होती. यंत्रसंच सुरू करताना ती वाजायचीच, असे सर्वांच्या अंगवळणी पडलेले होते. तिच्या जोडीची दुसरी घंटा वाजलीच नाही. मनोऱ्यात तास न् तास द्रव शिरत होता आणि बाहेर मात्र काहीच पडत नव्हते. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह शेजारी ठेवून साधी वजाबाकी कोणी केली असती, तर पातळीमापकाची खोटी साक्ष तत्काळ उघडी पडली असती. ती वजाबाकी समोर दिसेल अशी पडद्याची रचनाच नव्हती. अखेर द्रव मनोऱ्याबाहेर उसळला, त्याच्या वाफेने पेट घेतला आणि १५ कामगार प्राणांस मुकले. जखमींची संख्या १८० होती.

न ऐकलेली साक्ष

मापक खोटे बोलला तर निदान त्याला दोष तरी देता येतो. साक्ष खरी असूनही ती ऐकली जात नाही, ही स्थिती त्याहून भयंकर असते. भोपाळ हे तिचे नाव आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत मिथिल आयसोसायनेट हे विषारी रसायन शून्य ते पाच अंश तापमानात साठवावे, असे कंपनीचेच नियमपुस्तक सांगत होते. तापमान ११ अंशांवर गेल्यास धोक्याची घंटा वाजावी अशी योजना होती. जून १९८४ मध्ये टाकीची शीतकरण यंत्रणा बंद करण्यात आली. त्यानंतर टाकीचे तापमान सदैवच त्या अंकापेक्षा वर राहू लागले आणि त्या घंटेला काही अर्थच उरला नाही. जी घंटा सतत वाजणार ती माणूस बंद करतो, आणि जी बंद केली ती हवी त्या रात्री वाजत नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री पावणेअकराला पाळी बदलली. अकराच्या सुमारास नव्या चालकाने टाकीचा दाब पाहिला. तो दर चौरस इंचाला १० पौंड होता. काही वेळापूर्वी तो दोन पौंड होता, म्हणजे पाचपट झाला होता. पण दोन ते पंचवीस पौंड ही नेहमीचीच मर्यादा मानली जात असल्याने त्या आकड्यात चालकाला वावगे काही दिसले नाही. येथे मापक खोटे बोलला नव्हता. तो जे सांगत होता त्याचा अर्थ आकड्यात नसून आकड्याच्या चढण्यात होता. तो चढ ओळखण्याची व्यवस्था नव्हती आणि तेथील उपकरणे वारंवार बिघडत असल्याने त्यांच्या सांगण्यावर माणसांचा विश्वासही उरला नव्हता. गळती प्रथम लक्षात आली ती कामगारांचे डोळे चुरचुरू लागले तेव्हा. कोट्यवधी रुपयांच्या कारखान्यात अखेरचा संवेदक म्हणून माणसाचा डोळा वापरला गेला. मध्यरात्रीनंतर दाबमापकाचा काटा मोजपट्टीचे टोक गाठून थांबला, आणि पुढच्या काही तासांत भोपाळच्या वस्त्यांवरून जे विष वाहत गेले त्याने घेतलेल्या बळींची संख्या सरकारी हिशेबानेही हजारांत आहे.

भोपाळनंतर एकवीस वर्षांनी, ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे, इंग्लंडमध्ये हर्टफर्डशरमधील बन्सफील्ड येथील तेलसाठ्यावर जवळपास तेच नाट्य घडले. पेट्रोलच्या टाकीची पातळी दाखविणारा आकडा पहाटे तीनच्या सुमारास एका जागी थबकला आणि टाकीत मात्र पेट्रोल येतच राहिले. हा मापक त्यापूर्वीच्या सुमारे साडेतीन महिन्यांत १४ वेळा असाच अडकला होता. टाकी काठोकाठ भरताच पुरवठा तोडणारा दुसरा, स्वतंत्र खटकाही तेथे होता. पण त्याची चाचणीची दांडी योग्य स्थितीत रोखून धरण्यासाठी एक कुलूप लागे. त्या कुलपाचे महत्त्व बसविणाऱ्यांना कळले नव्हते, म्हणून कुलूप बसविलेच गेले नाही आणि खटका मृतवत पडून राहिला. अडीच लाख लिटरांहून अधिक पेट्रोल ओसंडले आणि सहाच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. रविवारची पहाट असल्यामुळे कोणाचा प्राण गेला नाही, तरी चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. २०१० साली तेथील न्यायालयाने पाच कंपन्यांना दंड ठोठावला. त्यांत साठ्याची चालक कंपनी होती, तसेच तो खटका तयार करणारी आणि तो बसवून देणारी कंपनीही होती. त्याच २०१० साली, ७ जून रोजी, भोपाळ प्रकरणी भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली. बन्सफील्डचा निकाल पाच वर्षांत लागला, भोपाळचा लागायला पंचवीस वर्षांहून अधिक काळ गेला. एका ठिकाणी कुलूप न लावणाऱ्यापर्यंत जबाबदारीची साखळी पोहोचली, दुसऱ्या ठिकाणी ती वाटेतच कितीदा तरी तुटली.

न विचारलेली साक्ष

साक्ष वाया जाण्याचा तिसरा प्रकार असा की, साक्षीदाराला प्रश्नच विचारला जात नाही. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणम येथील एल. जी. पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरीनची वाफ शेजारच्या वस्तीत पसरली आणि १२ माणसे मृत्युमुखी पडली. टाळेबंदीमुळे कारखाना कित्येक दिवस थंडावला होता आणि टाकीत द्रव साठून होता. आंध्र प्रदेश शासनाने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने दाखवून दिले की, टाकीचे तापमान मोजण्याची सोय तळाशीच होती. मधल्या व वरच्या थरांत काय चालले आहे हे पाहण्यास तेथे डोळाच नव्हता. द्रव फिरता राहण्याची व्यवस्था अपुरी असल्याने वरचे थर तापत गेले, स्टायरीनचे रेणू एकमेकांशी जुळू लागले, त्यातून आणखी उष्णता निर्माण झाली आणि तळचा तापमापक मात्र आपल्यापुरते खरे तेच सांगत राहिला. एका जागेचे सत्य साऱ्या टाकीचे सत्य म्हणून स्वीकारले गेले. सुभेदाराच्या वाड्यात धान्य आहे म्हणून सुभ्यात दुष्काळ नाही, असे म्हणण्याचा हा प्रकार झाला.

या सर्व घटनांत एक धागा समान आहे. मापक कोठेच नव्हते असे नाही. उणीव होती ती मापकाभोवतीच्या व्यवस्थेची. मापकाची वेळोवेळी चाचणी घेणे, एका मापकाची साक्ष दुसऱ्याने पडताळणे, वारंवार बिघडणारे उपकरण बदलणे आणि घंटा वाजली की काम थांबविण्याचा अधिकार चालकाला देणे, ही कामे दिखाऊ नाहीत. त्यांचे उद्घाटन होत नाही आणि त्यांची छायाचित्रे छापून येत नाहीत. नवे यंत्र घेतले तर ती भांडवली गुंतवणूक ठरते, पण जुन्या यंत्राची निगा राखली तर तो खर्च ठरतो. मंदी आली की पहिली कात्री याच खर्चावर चालते. ज्या कंत्राटी कामगाराला सहा महिन्यांनी निघून जायचे आहे, त्याला कुठला काटा खरा आणि कुठला नुसताच डोलतो हे कळायला वेळच मिळत नाही. कायम कामगाराची अनुभवसिद्ध शंका हाही एक संवेदक असतो. तो कामावरून कमी केला जातो तेव्हा कारखान्याची एक इंद्रियशक्ती कमी होते, याची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही.

लिटरला राखण, जिवाला नाही

महाराष्ट्रासारख्या रासायनिक उद्योगांच्या राज्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. तारापूर, तळोजा, लोटे, महाड, डोंबिवली ही नावे औद्योगिक प्रगतीच्या नकाशावर जशी आहेत, तशीच ती शेजारच्या खाडीत मासे मारणाऱ्या कोळ्यांच्या आणि कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या चाळकऱ्यांच्या मनातही आहेत. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन मोठे स्फोट एकट्या डोंबिवलीने पाहिले आहेत. या वस्त्यांचे जगणे-मरणे ज्या आकड्यांवर अवलंबून आहे, ते आकडे खरे आहेत की नाहीत हे पाहण्याची व्यवस्था काय, असा प्रश्न तेथील शिक्षकाने वा कारकुनाने विचारला तर त्याला समाधानकारक उत्तर देणे कठीण आहे.

सांडपाण्यावरील अखंड मापनाचेच पाहा. प्रयोगशाळेत जैविक ऑक्सिजन मागणी ठरविण्यास आपल्याकडील रीतीनुसार २७ अंश तापमानात तीन दिवस लागतात. मोरीवरचा मापक तोच आकडा काही मिनिटांत सांगतो, कारण तो ऑक्सिजन मोजतच नाही. बहुधा तो पाण्यातून अतिनील प्रकाश पाठवून किती शोषला गेला हे पाहतो आणि अनुमान करतो. त्या कारखान्याच्या पाण्याशी ताळा घालून त्याचे अंशन वारंवार केले नाही, तर ते अनुमान भरकटते. असा हा मापक खरेदी करतो कारखानदार, त्याची देखभाल करतो कारखानदाराचा कंत्राटदार आणि त्याचा आकडा मानतात मंडळ व जनता. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्यानेच साक्षीदार पोसायचा, अशी ही रीत आहे. बहुसंख्य कारखानदार प्रामाणिक असतील. पण कायदा प्रामाणिकांच्या भरवशावर लिहायचा नसतो.

साक्षीदार फितविता येतो, हे तर सामान्य माणसानेही अनुभवले आहे. पेट्रोल पंपाच्या यंत्रात प्रवाहमापक असतो आणि त्याच्या स्पंदनांवरून लिटरचा आकडा पुढे सरकतो. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यातील पंपांवर छापे घातले, तेव्हा त्या स्पंदनांत फेरफार करणारे छुपे तुकडे यंत्रांत सापडले. ही लबाडी पकडली गेली, कारण लिटरच्या मापाला सरकारी मोहोर असते आणि ती मोडणे हा गुन्हा ठरतो. येथे एक विसंगती डोळ्यांत भरते. पाव लिटर पेट्रोल कमी भरले जाऊ नये म्हणून शासनाने मापकावर मोहोर ठोकली. ज्या टाकीचा दाब चढला तर वस्तीच्या वस्ती गुदमरेल, त्या टाकीच्या मापकावर मात्र तशी मोहोर नाही. आश्चर्य असे की, त्यासाठी कायद्यात शब्द नाही असेही नाही. २००९ च्या वैध मापन अधिनियमाने व्यवहारासाठी वापरल्या जाणाऱ्या मापांच्या जोडीला 'संरक्षणा'साठी वापरली जाणारी मापेही विचारात घेतली आहेत. माणसाच्या वा प्राण्याच्या हिताचे रक्षण करण्यासाठी ज्याच्या आकड्यावरून पाऊल उचलायचे, असे माप, ही त्यामागील कल्पना. बीज कायद्यात आहे. ते प्रामुख्याने तराजू, वजने आणि पंप यांच्या पलीकडे नेऊन धोकादायक कारखान्यांतील मोजक्या, कळीच्या मापकांपर्यंत पोहोचविण्याची इच्छा मात्र दिसत नाही.

आक्षेप आणि उपाय

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, हे सारे मोठ्या कारखान्यांना परवडेल, लहान उद्योजकाचे कंबरडे मोडेल. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु कारखान्यातील शेकडो मापकांची तपासणी कोणी मागत नाही. ज्यांच्या चुकीने माणसे मरतील असे मापक लहान कारखान्यात हातावर मोजण्याइतकेच असतात. औद्योगिक वसाहतीने मिळून एक स्वतंत्र चाचणी केंद्र चालविले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा भार सोसण्याजोगा राहील. सांडपाण्याची सामायिक प्रक्रिया केंद्रे ज्या तत्त्वावर उभारली गेली, तेच तत्त्व येथेही लावता येईल. दुसरा आक्षेप असा की, मोहोर आली की मोहोर मारणारा आला आणि त्याच्या मागोमाग जुने चिरीमिरीचे राज्य आले. ही भीतीही खोटी नाही. तथापि निरीक्षक भ्रष्ट होता म्हणून निरीक्षणच नको, हे तर्कशास्त्र मान्य केले तर परीक्षेत कॉपी होते म्हणून परीक्षाच नको, असेही म्हणावे लागेल. निरीक्षकाला वचक हवा. तो चाचणीचे निष्कर्ष जाहीर केल्याने बसेल.

तेव्हा मागणी अशी असावयास हवी. धोकादायक रसायने साठविणाऱ्या प्रत्येक कारखान्याने आपल्या प्राणरक्षक मापकांची यादी जाहीर करावी. त्यांची चाचणी कारखान्याच्या वेतनावर नसलेल्या माणसाकडून व्हावी आणि तिची तारीख व निष्कर्ष कारखान्याच्या दारावर, ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत लावले जावेत. धोक्याची कोणतीही घंटा वा आपोआप चालणारी झडप बंद ठेवायची झाल्यास ती कोणी, कोणत्या कारणाने, किती वेळ बंद ठेवली याची सहीनिशी नोंद असावी, म्हणजे चौकशीच्या वेळी जबाबदारी अनाथ राहणार नाही. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक कारखान्यातील कामगाराला आसन्न संकटाची सूचना देण्याचा हक्क मिळाला आणि नव्या संहितेतही तो राखला गेला आहे. 'हा काटा अडकतो' असे सांगणारी कामगाराची तक्रार या हक्कात स्पष्टपणे धरली जावी आणि तशी तक्रार केल्याबद्दल कंत्राट संपविणे हा गुन्हा ठरावा. बन्सफील्डच्या काट्याने १४ वेळा तक्रार केली होती. प्रत्येक वेळी ती तात्पुरती दूर करून पुढे काम चालू राहिले.

स्वयंचलनाच्या या युगात माणसाची जागा यंत्र घेणार, अशी भाषा सर्वत्र ऐकू येते. पाहण्याचे काम यंत्र घेईल, मोजण्याचेही घेईल आणि ते माणसाहून सरसपणे करील. जबाबदारी मात्र कोणत्याही यंत्राला घेता येत नाही. चौकशी आयोगापुढे दाबमापक उभा राहत नाही आणि मृताच्या घरच्यांना तापमापक उत्तर देत नाही. भोपाळच्या त्या रात्री दहा पौंडांवर आलेला काटा आपले काम चोख बजावीत होता. त्याच्या पुढचे काम माणसांचे होते, आणि ते कोणाचे हे आधी ठरलेले नव्हते. आज राज्यातील हजारो टाक्यांवर असे काटे हलत आहेत. त्यांच्यापुढचे काम कोणाचे, हे लिहून ठेवण्याची वेळ कारखान्यात सारे सुरळीत असतानाचीच असते.